विमानाच्या केबिनमधल्या आगीचे मॉडेल: धुराचा आकडा कधी विश्वासार्ह मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा. एका मार्गिकेच्या प्रवासी विमानाचे केबिन फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर या आग-धुराचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एफडीएसमध्ये, उभे केले आहे. लांबी २७.५ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची २.२ मीटर. मधल्या रांगेतली एक सीट ३०० किलोवॉटने जळते आहे, दारे बंद आहेत, भिंतींना वेगळे मटेरियल दिलेले नाही आणि मेश, म्हणजे गणितासाठी केबिनचे पाडलेले चौकोनी तुकडे (सेल), १० सेंटिमीटरचा आहे. चाळीस सेकंदांत साऱ्या केबिनमध्ये दोन मीटरपलीकडचे दिसेनासे होते, पण आगीपासून दहा मीटरवर डोक्याच्या उंचीला तापमान ६० अंशांच्या आसपासच राहते. मेश ५ सेंटिमीटरचा केला की धूर शेवटच्या रांगेत पोहोचण्याची वेळ बदलते. खरा निकाल कोणता, आणि विमान ९० सेकंदांत रिकामे करण्याच्या निकषाशी तो कसा ताडायचा?

मेशचे उत्तर खाली दिले आहे. पण तुमच्या दोन रनमधला, म्हणजे मॉडेल दोनदा चालवून आलेल्या निकालांमधला, फरक आग, भिंती आणि दारे यांच्या इनपुटपुढे किरकोळ आहे. केबिन ही लांबट, बुटकी आणि अगदी थोड्या हवेची जागा असते. तिथे काय होणार हे सॉफ्टवेअरपेक्षा तुम्ही त्याला दिलेले पाच-सहा आकडेच ठरवतात. म्हणून मी कुठलाही रन लावण्याआधी तेच गणित कागदावर करतो. तुमच्या बाबतीत ते करून पाहू.

केबिनचे ढोबळ आकारमान सुमारे २२५ घनमीटर. पॉलियुरेथेन फोमची ज्वलनउष्णता दर ग्रॅमला २५ किलोज्यूल धरली, तर ३०० किलोवॉटने ४० सेकंदांत १२,००० किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणजे ४८० ग्रॅम फोम जळतो. लवचिक फोमच्या चाचण्यांत दर ग्रॅममागे साधारण ०.१३ ते ०.२३ ग्रॅम काजळी मिळते. खालचा आकडा घेतला तरी ६२ ग्रॅम काजळी झाली. ती केबिनभर सारखी पसरली तर घनमीटरला ०.२८ ग्रॅम. ज्वालेतल्या काजळीचा प्रकाश शोषण्या-विखुरण्याचा गुणांक एफडीएस दर किलोला ८७०० चौरस मीटर धरते. त्यावरून प्रकाश मीटरमागे २.४ इतक्या गुणांकाने मंदावतो, आणि परावर्तित होणाऱ्या पाटीसाठी दृश्यमानता ३ भागिले २.४, म्हणजे सव्वा मीटर येते. मॉडेलने तुम्हाला हेच दाखवले. त्यामुळे त्या अर्थाने मॉडेल बरोबर आहे. तुम्ही जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले.

पण तुम्ही विचारले ते वास्तवाला धरून नाही. एफडीएसला फक्त प्रति चौरस मीटर उष्णता-दर दिला आणि वाढीचा काळ दिला नाही, तर पहिल्या एका सेकंदातच आग पूर्ण ताकदीला पोहोचते. सीट अशी पेटत नाही. हीच आग वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारी धरा. 'जलद' वर्गाचा गुणांक ०.०४६९ किलोवॉट प्रति वर्ग सेकंद घेतला तर ३०० किलोवॉट गाठायला ८० सेकंद लागतात. पहिल्या चाळीस सेकंदांत एकूण फक्त १००० किलोज्यूल सुटतात, म्हणजे ४० ग्रॅम फोम आणि पाच ग्रॅमच्या आसपास काजळी. दृश्यमानता येते १५ मीटर. मेश तोच, सॉफ्टवेअर तेच, शिखरही तेच. फक्त चढण बदलली आणि सव्वा मीटरचे पंधरा मीटर झाले. प्रत्यक्षात धूर छताखाली थराने साठतो, त्यामुळे सीटवर बसलेल्या माणसाला सुरुवातीला याहून बरे दिसेल आणि उभ्या माणसाला याहून वाईट. तरी दोन आकड्यांमधले अंतर मेशमुळे पडणाऱ्या कुठल्याही फरकापेक्षा मोठे आहे.

आता ही आग कोणती, ते ठरवू. इथे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे. घरगुती सोफ्याच्या फोमची माहिती विमानाच्या सीटला लावणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. प्रवासी विमानांच्या सीट-गाद्यांवर १९८७पासून आग अडवणारे आवरण असते. त्या गाद्या तेलाच्या बर्नरसमोर धरून तपासतात आणि त्यात वजनातली घट १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. अशी सीट काडेपेटीने किंवा कागदाच्या बोळ्याने ३०० किलोवॉटला जात नाही. तिला पेटवायला मोठा बाहेरचा स्रोत लागतो. उलट प्रवाशांचे सामान, कपडे, लॅपटॉप, पॉवर बँक यांना यातला एकही नियम लागू नाही. त्यामुळे उड्डाणातली केबिनची आग अभ्यासायची असेल, तर स्रोत सीटपेक्षा सामान किंवा बॅटरी धरणे जास्त सयुक्तिक ठरते. बॅटरीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्या. ज्वालेविना बाहेर पडणारी पांढरट वाफ ही काजळी नसते. तिला ८७०० हा गुणांक लावू नका. ज्वालेविना निघणाऱ्या धुरासाठी सुमारे ४४०० घेतात. आणि त्या वायूत हायड्रोजन व हायड्रोकार्बन असल्याने ते साठून एकदम पेटण्याची शक्यता वेगळी तपासावी लागते.

अपघातानंतर जमिनीवर पेटलेल्या इंधनाची आग हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. तिथे आग बाहेर असते, काही मेगावॉटपासून पुढे जाते, आणि केबिनमध्ये ती फुटलेल्या भागातून, उघड्या दारातून किंवा पत्रा वितळून शिरते. ॲल्युमिनियमचा बाहेरचा पत्रा इंधनाच्या ज्वाळेत साधारण मिनिटभरच टिकतो. त्याच्या आतले इन्सुलेशन नव्या नियमांनुसार चार मिनिटे आग रोखेल असे असावे लागते, म्हणून मी दोन्ही टोके चालवून पाहतो: भगदाड ६० सेकंदांनी आणि भगदाड पाच मिनिटांनी. पत्रा वितळण्याचे भौतिकशास्त्र मॉडेल करण्याच्या भानगडीत पडू नका. ठरवलेल्या वेळी तो भाग काढून टाकायची सूचना द्या आणि ती वेळ बदलत राहा. शोधनिबंधातही ही वेळ 'गृहीत' म्हणून स्पष्ट लिहा.

भिंतींकडे वळू. मटेरियल दिले नाही तर एफडीएस पृष्ठभाग निष्क्रिय धरते, आणि निष्क्रिय म्हणजे त्याचे तापमान कायम बाहेरच्या हवेइतके ठेवलेले. उष्णतारोधक समजू नका. ती वेगळी सूचना असते. तुमच्या केबिनची प्रत्येक भिंत, छत आणि सीटची पाठ सतत २० अंशांवर बसून गरम वायूची उष्णता शोषते आहे. कागदावर पाहा: केबिनमध्ये सुमारे २७० किलो हवा. १२,००० किलोज्यूल सगळे हवेतच राहिले तर सरासरी तापमान ४४ अंशांनी वाढेल, आणि गरम थर वरच्या अर्ध्या भागातच राहिला तर तिथे त्याच्या दुप्पट. तुम्हाला डोक्याच्या उंचीला ६० अंश दिसले, कारण उरलेली उष्णता त्या थंड भिंतींनी गिळली. खरे आतले पॅनेल म्हणजे कागदी मधपोळ्याच्या गाभ्यावर फिनॉलिक-काचतंतूचे पातळ थर. त्यामागे काचलोकरीचे इन्सुलेशन आणि मग दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा. हलके पॅनेल काही सेकंदांतच पृष्ठभागावर तापते आणि उष्णता घेणे जवळपास थांबवते. हे तीन थर त्यांच्या जाडी, घनता, उष्णतावाहकता आणि विशिष्ट उष्णतेसह द्या. वरच्या थराचे तापमान लगेच चढलेले दिसेल, आणि थर गरम झाला की तो जास्त काळ वर टिकतो. म्हणजे धूर खाली उतरण्याची वेळसुद्धा बदलते. शेपटीकडे पोहोचेपर्यंत थंड होऊन मिसळलेला धूर हा बऱ्याचदा थंड भिंतींचा परिणाम असतो.

बंद दारांचा मुद्दा तर आणखी सरळ आहे. बंद खोक्यात ३०० किलोवॉट ओतले आणि उष्णता भिंतीत गेली नाही, तर दाब सेकंदाला सुमारे ५३० पास्कलने चढतो. चाळीस सेकंदांत तो २१ किलोपास्कल होईल, जे जमिनीवर उभ्या विमानात घडत नाही. खऱ्या केबिनमध्ये हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो, सांधे असतात, दाराच्या फटी असतात. प्रसरण पावणाऱ्या वायूला सेकंदाला सुमारे ०.८५ घनमीटर जागा हवी असते. दाबातला फरक १०० पास्कलपर्यंत ठेवायचा तर एकूण ०.११ चौरस मीटरची वाट लागते. दाबक्षेत्र, म्हणजे एकत्र दाब चढणारी बंद जागा, जाहीर करा, गळतीचे क्षेत्रफळ द्या, आणि दाबाचा आलेख प्रत्येक रननंतर आधी पाहा. तो सतत चढत असेल तर बाकीचे आलेख उघडण्यात अर्थ नाही.

उड्डाणातली आग असेल तर वायुवीजन हे अर्धे मॉडेल आहे. केबिनची हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. वरून आत, दोन्ही बाजूंना जमिनीलगतच्या जाळ्यांतून बाहेर. तासाला २५ वेळा धरले तर तुमच्या केबिनमध्ये सेकंदाला दीड घनमीटरहून थोडी जास्त हवा फिरते. हा प्रवाह वरून खाली असल्याने तो धुराचा थर स्थिर राहू देत नाही, आणि लहान आगीत थर ही कल्पनाच मोडते. आत येणाऱ्या हवेतला जवळपास अर्धा भाग फिल्टरमधून पुन्हा फिरवलेला असतो. इथे एक बारकावा बहुतेक जण सोडतात: फिल्टर काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड अडवत नाही. मॉडेलमध्ये फिरती हवा पूर्ण शुद्ध दाखवली तर विषारी वायू कमी दिसतात, आणि जशीच्या तशी परत आणली तर काजळी जास्त दिसते. एफडीएसच्या वातानुकूलन भागात फिल्टरला घटकागणिक क्षमता देता येते, ती वापरा. वैमानिकांच्या धूर-प्रक्रियेत फिरत्या हवेचे पंखे सहसा बंद करायचे असतात, म्हणून पंखे किती सेकंदांनी बंद झाले हेही इनपुट ठरते.

उंचीवरच्या उड्डाणात केबिनचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. नियमानुसार नेहमीच्या उड्डाणात तो ८००० फुटांइतक्या उंचीच्या दाबाखाली जाऊ द्यायचा नसतो. तो सुमारे ७५ किलोपास्कल. घनता चतुर्थांशाने कमी होते, आगीवरचा गरम वायूचा स्तंभ कमी वस्तुमानाची हवा ओढतो आणि तेवढ्याच उष्णता-दराला त्यातली तापमानवाढ सुमारे वीस टक्क्यांनी जास्त होते. पार्श्वदाब बदलायला एक ओळ पुरते, तरी ती विसरली जाते.

आता मेश. आगीचा लाक्षणिक व्यास (उष्णता-दरावरून काढलेले आगीचे माप) आणि सेलचा आकार यांचे गुणोत्तर साधारण ४ ते १६ या पल्ल्यात असावे, असा दंडक वापरला जातो. ३०० किलोवॉटसाठी तो व्यास ०.५९ मीटर, म्हणजे १० सेंटिमीटरच्या मेशला गुणोत्तर ६. आकडा पल्ल्यात बसतो, म्हणून तुम्ही निर्धास्त राहिला असाल. पण आग वाढती धरली तर विसाव्या सेकंदाच्या आसपास ती फक्त २० किलोवॉटची असते, व्यास ०.२० मीटर आणि गुणोत्तर २. ज्या पहिल्या मिनिटात धूर कुठे वळतो, डिटेक्टरपर्यंत कधी पोहोचतो हे ठरते, तिथेच तुमचा मेश अपुरा आहे. ५ सेंटिमीटरला गुणोत्तर ४ होते, म्हणजे काठावर. म्हणून तुमच्या दोन रनपैकी ५ सेंटिमीटरचा निकाल जास्त जवळचा, पण तोही सुरुवातीच्या आगीसाठी पक्का नाही.

सगळी केबिन २.५ सेंटिमीटरने भरायची गरज नाही. ५ सेंटिमीटरला सुमारे १८ लाख सेल होतात, २.५ला एक कोटी चाळीस लाखांहून जास्त, आणि वेळेचे पाऊलही अर्धे होत असल्याने काम सोळापट. त्यापेक्षा आगीच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच मीटरच्या भागात २.५ सेंटिमीटर ठेवा. तिथे सुमारे २६ लाख सेल होतात. बाकीची केबिन ५ सेंटिमीटरवर चालते. दोन मेशची सीमा आगीतून, दारातून किंवा मधल्या पडद्याच्या फटीतून नेऊ नका. लांब अरुंद मॉडेलमध्ये मेशच्या सीमांवर वेगाची चूक साठते, म्हणून दाबाच्या पुनरावृत्त्यांची कमाल मर्यादा वाढवा आणि सीमेवरची चूक नोंदवून घ्या. उघडे दार असेल तर बाहेर निदान दीड मीटर मोकळी जागा मेशमध्ये घ्या. दाराच्या चौकटीतच मॉडेल संपवले तर आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा दोन्ही चुकतात.

मेशचा दुसरा, कमी बोलला जाणारा त्रास आकाराचा आहे. केबिन वक्र आहे आणि एफडीएस ती पायऱ्यांनी भरते. सामानाच्या कप्प्याचा तळ, कप्पा आणि छत यांमधली पोकळी, खिडकीवरचा भाग हे सगळे जवळच्या सेलला सरकते. अर्ध्या सेलपेक्षा पातळ वस्तूला जाडी उरत नाही, आणि एका सेलहून अरुंद फट बंद होऊ शकते किंवा दुप्पट रुंद होऊ शकते. मेश बदलल्यावर धूर शेपटीकडे पोहोचण्याची वेळ बदलण्यामागे अशी एखादी फट उघडली-मिटली हेही कारण असू शकते. त्यामुळे दोन मेशची तुलना करण्याआधी दोन्हींत मार्गिकेचा, कप्प्याखालचा आणि छताखालचा मोकळा छेद मोजून जुळतो का ते पाहा. छेद जुळत नसेल तर ती मेशची तुलना नसून दोन वेगळ्या केबिनची तुलना ठरते.

पॅनेल पेटणार का, हा पुढचा टप्पा. एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या नियमांनुसार १९९०नंतर बनलेल्या मोठ्या प्रवासी विमानांत छत, भिंती आणि कप्प्यांच्या पॅनेलला ३५ किलोवॉट प्रति चौरस मीटर उष्णतेखाली तपासतात. त्यात शिखर ६५ किलोवॉट प्रति चौरस मीटर आणि पहिल्या दोन मिनिटांतली एकूण उष्णता ६५ किलोवॉट-मिनिट प्रति चौरस मीटर यांच्या आत राहावी लागते. हा आकडा लहान वाटतो. पण तुमच्या केबिनच्या अस्तराचे क्षेत्रफळ दोनशे चौरस मीटरच्या पुढे आहे. त्यातले ७० चौरस मीटर जरी या दराने जळले तरी साडेचार मेगावॉट होतात. म्हणून पॅनेलला फक्त 'पेटण्याचे तापमान' देऊन सोडू नका. कोन कॅलरीमीटरचा, म्हणजे ठरावीक उष्णतेखाली नमुना जाळून उष्णता-दर मोजणाऱ्या उपकरणाचा, वेळेनुसार आलेख द्या. ३५ आणि ५० किलोवॉट प्रति चौरस मीटर, दोन्ही असल्यास उत्तम. एफडीएसमध्ये चाचणीतला उष्णताप्रवाह संदर्भ म्हणून दिला की ते प्रत्यक्ष प्रवाहानुसार तो आलेख ताणते-आकसते. रेणूंच्या विघटनाचे पूर्ण रसायन टाकण्याचा मोह होतो. पण मधपोळ्याच्या पॅनेलचे ते गुणांक चाचणीशी जुळवल्याशिवाय निव्वळ अंदाज असतात, आणि ते जुळवायला महिने लागतात. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज दिसत नाही.

आग मेगावॉटमध्ये गेली की ऑक्सिजन मोजा. केबिनमध्ये सुमारे ६२ किलो ऑक्सिजन आहे. एक किलो ऑक्सिजन खर्चून १३.१ मेगाज्यूल उष्णता मिळते. ३०० किलोवॉटची आग ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणायला तेरा मिनिटे घेईल. ३ मेगावॉटची आग ७७ सेकंद. म्हणजे मोठी आग बंद केबिनमध्ये स्वतःच गुदमरते, न जळलेला गरम वायू वर साठतो, आणि दार उघडले की तो पेटतो. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या विमानात हेच घडले. सिनसिनाटीला उतरून दारे उघडल्यावर साधारण ६० ते ९० सेकंदांत केबिन एकदम पेटली आणि ४६ पैकी २३ जण गेले. मॉडेलमध्ये दार उघडण्याची वेळ ही म्हणूनच तुमची सर्वांत संवेदनशील नोंद आहे. वाऱ्याचेही तसेच. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला धावपट्टीवर ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७चे डावे इंजिन फुटून इंधनाची टाकी फाटली. हलक्या वाऱ्याने ज्वाळा विमानाच्या अंगावर लोटल्या आणि ५५ जणांचा मृत्यू झाला, बहुतेकांचा धुरामुळे. जमिनीवरच्या आगीचा वारा न धरलेला एकच रन कुणाला दाखवू नका. निदान तीन करा: वारा नाही, आगीच्या बाजूने, विरुद्ध बाजूने.

विषारी वायूंच्या बाबतीत एफडीएसचा साधा ज्वलन-नमुना तुम्ही दिलेलाच कार्बन मोनॉक्साइडचा वाटा शेवटपर्यंत वापरतो. हवा कमी पडू लागली की प्रत्यक्षात तो वाटा कितीतरी पटींनी वाढतो. मॉडेलमध्ये वाढत नाही. म्हणून दोन रन करा. एकात भरपूर हवेतला वाटा द्या, फोमसाठी दर ग्रॅमला ०.०१ ते ०.०४ ग्रॅम, आणि दुसऱ्यात ०.२ ग्रॅम. उत्तर या दोनांच्या मध्ये कुठेतरी आहे असे लिहा. हायड्रोजन सायनाइडसाठीही तसेच करा, कारण फोम, लोकर आणि नायलॉन सगळ्यांत नायट्रोजन आहे.

मात्रेचे, म्हणजे बेशुद्ध करणाऱ्या विषाचा किती हिस्सा श्वासातून गेला याचे, गणित केबिनभराची सरासरी घेऊन करू नका. सायनाइडसाठी एका रूढ सूत्रात दर मिनिटाची मात्रा म्हणजे e चा (पीपीएम भागिले ४३) इतका घात, भागिले २२०; पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग. १०० पीपीएमला माणूस साधारण एकवीस मिनिटांत बेशुद्ध पडतो. २०० पीपीएमला दोन मिनिटांत. तीव्रता दुप्पट, वेळ दहावा हिस्सा. मागची अर्धी केबिन २०० आणि पुढची अर्धी शून्य असताना सरासरी १०० लिहिली तर तुम्ही मागच्या अर्ध्या भागातल्या लोकांना एकोणीस मिनिटे जास्त देत आहात. कार्बन मोनॉक्साइड सरळ वागतो, ३५,००० पीपीएम-मिनिटांच्या आसपास. दर दोन रांगांना, ०.५, १.२ आणि १.५ मीटर उंचीवर नोंदी ठेवा: वाकून जाणारा, बसलेला, उभा. एकूण मात्रेची मर्यादा १ घेतली तर ती मध्यम सहनशक्तीच्या माणसाची, म्हणजे त्या क्षणी निम्मे लोक आधीच कोसळलेले. लहान मुले, वृद्ध, दमेकरी धरायचे तर ०.३ घ्या.

आणि आता ९० सेकंद. ही संख्या धुराशी जोडणे बरोबर नाही. ४४हून जास्त आसनांच्या विमानासाठी हे प्रात्यक्षिक अंधारात, निम्मी दारे बंद ठेवून घेतात, पण त्यात आगही नसते आणि धूरही नसतो. 'माझ्या मॉडेलमध्ये ९५ सेकंद श्वास घेता येतो, म्हणून विमान सुरक्षित' असे वाक्य त्यातून निघत नाही. २ जानेवारी २०२४ला हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या ए३५०मधले सगळे ३७९ जण वाचले. तिथे आठपैकी तीनच दारे वापरता आली आणि विमान टेकल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत सुमारे १८ मिनिटे गेली. तुलना करायचीच असेल तर रांगेनुसार करा: त्या रांगेत मात्रा ०.३ होण्याची वेळ एका बाजूला, आणि धुरातला कमी चालवेग धरून त्या रांगेतला शेवटचा माणूस दाराबाहेर जाण्याची वेळ दुसऱ्या बाजूला. ग्रीनिच विद्यापीठाच्या गटाने आगीसाठी स्मार्टफायर आणि विमान रिकामे करण्यासाठी एअरएक्सोडस हे दोन वेगळे कार्यक्रम केले आहेत. आगीचे निकाल दुसऱ्यात देऊन माणसागणिक मात्रा काढणे हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा.

तुमच्यासाठी कामाचा क्रम मी असा लावेन. आधी परिस्थिती एका वाक्यात लिहा: विमान जमिनीवर की हवेत, स्रोत कोणता, दारे आणि पंखे केव्हा. मग वाढती आग, तीन थरांच्या भिंती आणि गळती घालून १० सेंटिमीटरवरच एक स्वस्त रन करा. दाब, एकूण उष्णता-दर आणि काजळीचे एकूण वस्तुमान कागदावरच्या आकड्यांशी ताडा. एकूण काजळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त चुकली तर इनपुट फाइलमध्ये एकक चुकले आहे किंवा इंधन न जळता बाहेर जाते आहे. हे जुळल्यावर ५ आणि मग आगीजवळ २.५ सेंटिमीटरवर जा. मेशमुळे पडणारा फरक आगीची वाढ 'मध्यम' वरून 'जलद' केल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा स्पष्टपणे लहान झाला की मेश सूक्ष्म करणे थांबवा. उरलेला संगणक-वेळ दार, वारा आणि काजळीच्या वाट्याच्या वेगवेगळ्या रनवर घालवा. पुढचा रन झाला की उष्णता-दराचा आणि दाबाचा आलेख पाठवा; दृश्यमानतेची चित्रे त्यानंतर पाहू.